पिकअप खाली बसवायची आणि मालही वाहायचा... अमेरिकेतला हा राडा नेमका काय आहे?

इन्स्टावर गाड्यांचे रील्स बघत असाल, तर अमेरिकेतल्या दोन प्रकारच्या पिकअप तुमच्या नजरेखालून गेल्या असतीलच. एक, जिचं नाक आभाळाकडे आणि बूड जमिनीला टेकलेलं. दुसरी, पुढून-मागून सारखीच ठेंगणी, रस्त्याला पोट घासेल की काय इतकी खाली. दोन्हींच्या खाली एक कमेंट हमखास असते, "अरे पण हिच्यात माल कसा टाकणार?"

कमेंट टिंगल म्हणून केलेली असते, पण प्रश्न खरा आहे. पिकअप ही मुळात माल वाहायची गाडी. ती खाली बसवली की तिची माल वाहायची ताकद जाते का? अमेरिकेत गेल्या काही वर्षांत या एका प्रश्नाभोवती कायदे झाले, कायदे रद्द झाले आणि आता तर कंपन्याच शोरूममधून खाली बसवलेल्या पिकअप विकायला लागल्यात.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथे गंमत आहे.

१ डिसेंबर २०२१ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात 'कॅरोलायना स्क्वॉट' वर बंदी आली. स्क्वॉट म्हणजे उकिडवं बसणं. गाडीचं पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून जास्त उंच केलेलं सापडलं की कारवाई. २०२२ मध्ये व्हर्जिनियाने अशीच बंदी घातली, २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनाने. बंदीची कारणं साधी होती. नाक वर गेल्यामुळे ड्रायव्हरला पुढचा माणूस दिसत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी झाल्याने स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही बिघडतात.

आता देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून बरोबर उलटं घडलं. गाडी खाली बसवण्यावरचं जुनं बंधन तिथे उठलं. १९५८ मध्ये झालेला तो कायदा म्हणायचा की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. नियम सगळ्यांना होता, पण फटका बसायचा तो मेक्सिकन वंशाच्या पोरांना. ठेंगण्या गाड्या संथपणे गल्लीतून फिरवायच्या, ही त्यांची हौस होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा भारी होता. रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक सिलेंडर बसवले. बटण दाबलं की गाडी वर, परत दाबलं की खाली. पोलीस दिसला की गाडी कायद्यात बसायची, पोलीस गेला की पुन्हा रस्त्याला टेकायची. आज लोरायडर म्हटलं की उड्या मारणारी गाडी डोळ्यासमोर येते, तिचं मूळ हे असं एका कायद्याला चुकवण्यात आहे.

म्हणजे एकीकडे बंदी, दुसरीकडे मुभा. हा विरोधाभास वाटतो, पण तसा तो नाही. कॅरोलायनाने गाडी तिरकी करण्याला मनाई केली, कॅलिफोर्नियाने सरळ खाली बसवायला मोकळीक दिली. तिरकी आणि खाली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माल वाहायचा असेल तर सगळा खेळ याच फरकाचा आहे, त्यामुळे हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात फोर्डने हवा ओळखली. २०२५ च्या मॉडेलमध्ये छोट्या मॅव्हरिक पिकअपची 'लोबो' नावाची आवृत्ती आली, जी कंपनीतूनच पुढे अर्धा इंच आणि मागे साधारण १.१ इंच खाली बसवलेली असते. पाठोपाठ मोठ्या एफ-१५० ची लोबो आली, तिचा मागचा भाग २ इंच खाली. लोबो म्हणजे स्पॅनिशमध्ये लांडगा, आणि मेक्सिकोत एफ-१५० याच नावाने विकली जाते. गिऱ्हाईक कोण, हे नावावरूनच कळतं.

पण बारीक अक्षरं वाचा. साध्या मॅव्हरिकला जास्तीचं पॅकेज घेतलं तर ती ४,००० पौंडांचा, म्हणजे साधारण १,८०० किलोचा ट्रेलर ओढते. लोबोला ते पॅकेज मिळत नाही, तिची मर्यादा २,००० पौंड. दिसायला लांडगा, ओढायला निम्मी.

हे आजचं नाही. १९९१ मध्ये जीएमसीने 'सायक्लोन' नावाची टर्बो इंजिनची ठेंगणी पिकअप काढली होती. त्या काळातल्या भल्याभल्या स्पोर्ट्स कारना ती मागे टाकायची, आणि तिच्या हौद्यात किती माल चालायचा? ५०० पौंड. सव्वादोनशे किलो. सिमेंटच्या साडेचार गोण्या! पुढे १९९९ ला आलेल्या फोर्डच्या 'लाइटनिंग' पिकअपचंही तसंच, ८०० पौंडांची मर्यादा. मात्र शेवटच्या वर्षांत फोर्डने त्याच लाइटनिंगची मर्यादा १,३५० पौंडांवर नेली. गाडी तीच, ठेंगणी ती तशीच, आणि वजन दीडपटीहून जास्त. याचा अर्थ उघड आहे. गाडीची उंची आणि तिची ताकद या एकमेकींना घट्ट बांधलेल्या गोष्टी नाहीत. मधे काय बसवलंय, यावर सगळं ठरतं.

पण मुळात गाडी खाली बसवायची गरज काय? सगळे हौसेसाठी करतात असं नाही. अमेरिकन पिकअप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतक्या उंच झाल्यात की काम करणाऱ्याची कंबर जाते. फोर-व्हील ड्राइव्ह मोठ्या पिकअपचा फाळका उघडला तर तो जमिनीपासून जवळपास ३ फुटांवर असतो. पाण्याची मोटर, फरशीचा बॉक्स, गवत कापायचं मशीन... प्रत्येक वस्तू कंबरेच्या वर उचलायची. ही अडचण कंपन्यांनाही माहीत आहे, म्हणून तर २००९ च्या एफ-१५० मध्ये फाळक्यातून बाहेर येणारी पायरी दिली गेली. माल चढवायला गाडीला शिडी लागते, यातच सगळं आलं.

उंचीची किंमत रस्त्यावरच्या माणसालाही मोजावी लागते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे, त्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते, असं त्यात दिसलं. तेव्हा पिकअप थोडी खाली यावी असं म्हणणारा प्रत्येक जण रील बनवणारा पोरगा नसतो. त्यात प्लंबर आहेत, माळीकाम करणारे आहेत, पन्नाशी ओलांडलेले सुतार आहेत. त्यांना गाडी खाली हवी आणि सोमवारी सकाळी मालही भरायचाय.

मग हे जमतं कसं?

रिकामी पिकअप बाजूने नीट बघा. तिचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा उंच असतो. ते फॅशन म्हणून नसतं. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, म्हणून रिकामी असताना ती मुद्दाम मागे उंच ठेवलेली असते. आता एखाद्याने हौसेने मागचा भागच २ इंच खाली घेतला, तर रिकामी गाडी झकास सपाट दिसते. माल भरला की तीच गाडी बूड टेकून बसते आणि नाक वर जातं. म्हणजे कॅरोलायनात ज्यावर बंदी आली, तोच अवतार नकळत तयार होतो, आणि तोही डोक्यावर वजन असताना.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चेसी आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, ती पाट्यांना दबायला दिलेली असते. समजा ती ६ इंच आहे. तुम्ही गाडी ४ इंच खाली घेतली. उरली २ इंच. आता हौद्यात ५०० किलो टाकल्यावर पाटे ३ इंच दबणार असतील, तर तो एक इंच आणायचा कुठून? ॲक्सल थेट रबरी बफरवर जाऊन आदळतो. त्यानंतर गाडीला सस्पेन्शन उरतच नाही. प्रत्येक खड्डा पाट्यात न जिरता सरळ चेसीत जातो, मागचं चाक उसळतं, रस्त्यावरची पकड सुटते. ट्रेलर मागे असेल तर तो डुलायला लागतो. वर्षभर असं चालवलं की चेसीला तडे.

म्हणून ज्यांना माल वाहायचाय, त्यांच्यासाठी पहिला नियम असा की स्प्रिंग कमजोर करून गाडी खाली आणायची नाही. स्प्रिंग तशीच ठेवायची आणि तिची जागा बदलायची.

सगळ्यात वाईट उपाय सगळ्यात स्वस्त असतो, हे आलंच. कॉइल स्प्रिंग ग्राइंडरने कापणे किंवा गॅसने तापवून बसवणे. तापवलेल्या पोलादाचं पाणी जातं, मग ती स्प्रिंग किती दबेल आणि कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लटकलं की जागेवरून निसटू शकते. पाट्यांच्या गाडीत याचाच भाऊ म्हणजे एखादा पाटा काढून टाकणे. गाडी खाली येते खरी, पण माल उचलणारी वस्तूच तुम्ही काढून फेकलेली असते.

चांगला उपाय जरा डोकं लावून केलेला असतो. बहुतेक पिकअपमध्ये पाटे ॲक्सलच्या वर बसलेले असतात. ते सोडवून ॲक्सल पाट्यांच्या वर घेतला, तर गाडी ॲक्सलची जाडी आणि पाट्यांची जाडी मिळून साधारण ५-६ इंच खाली येते. पाटे तेच, त्यांची संख्या तीच, ताकद तीच. अमेरिकेत याला फ्लिप किट म्हणतात. इतकं खाली नको असेल तर पाट्यांची टोकं चेसीला जिथे धरलेली असतात, ते हँगर आणि शॅकल बदलून दोन-तीन इंचात भागतं. पुढच्या बाजूला ड्रॉप स्पिंडल मिळतात. त्यात चाकाचा हब स्पिंडलवर थोडा वर सरकवलेला असतो, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता गाडी खाली.

पण एवढ्याने काम संपत नाही, ॲक्सल आता चेसीच्या अगदी जवळ आलेला असतो. तेव्हा चेसीत बरोबर ॲक्सलच्या वर अर्धगोल खाच कापतात आणि तिथे जाड लोखंडी पट्टी बसवून ती जागा पुन्हा मजबूत करतात. दिसायला इंग्रजी सी अक्षरासारखी, म्हणून नाव सी-नॉच. या खाचेमुळे पाट्यांना दबायला हरवलेली जागा परत मिळते. माझं मत विचाराल तर अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात धोक्याची पायरी आहे, आणि व्हिडिओत ती हमखास दहा सेकंदांत उरकलेली असते. जिथे मालाचा सगळा भार येतो, तिथेच तुम्ही चेसी कापताय. पट्टी नीट बसली तर उत्तम. नवशिक्याने घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग मारलं, तर ती गाडी माल भरून महामार्गावर नेऊ नये, इतकं साधं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ॲक्सलची जागा बदलली की गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. तो पाचर घालून दुरुस्त केला नाही तर ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि जॉइंट खराब होतात. लोक टायर बॅलन्सिंग करत बसतात, रोग भलतीकडेच असतो.

आता हवेच्या पिशव्या

पाटे तेच ठेवले, खाच कापली, तरी माल भरल्यावर मागचं बूड बसणारच. तिथे येतात एअर बॅग. अपघातात फुगतात त्या नव्हे. ॲक्सल आणि चेसीच्या मधे बसणारी रबरी पिशवी, जिच्यात हवा भरली की ती पाट्यांना खालून टेकू देते. रिकाम्या गाडीत नावापुरती हवा ठेवायची, गाडी खाली. माल भरला की कॉम्प्रेसरने हवा वाढवायची, गाडी पुन्हा सपाट, हेडलाइट जागेवर, ट्रेलरचा गोळा योग्य उंचीवर. माल उतरवला की हवा सोडा.

"हवेवर कसला माल पेलतो?" असं वाटत असेल तर शिवनेरीत बसून पुणे-मुंबई केलेलं आठवा. ती अख्खी बस हवेवर चालते. शहरातली लो-फ्लोअर बस थांब्यावर एका अंगाला झुकते, तेही हवा सोडूनच. आणि अमेरिकेत माल ओढणारे बरेचसे मोठे ट्रक-ट्रेलर हवेच्या सस्पेन्शनवरच पळतात. हवेत कमकुवत असं काही नाही. रॅम १५०० पिकअपला तर कंपनीच चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन देते. हायवेवर वेग घेतला की गाडी आपोआप थोडी खाली जाते, हवेचा विरोध कमी होतो. उतरायच्या वेळी आणखी खाली बसते. म्हणजे हवं तेव्हा खाली, लागेल तेव्हा वर. सत्तर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या पोराने पोलिसाला चुकवायला जे केलं, ते आज किमतीच्या यादीत छापून मिळतं.

अर्थात पिशवी आली की तिची नळी आली, व्हॉल्व्ह आला, कॉम्प्रेसर आला. पाटे काढून गाडी पूर्ण हवेवर घेतली आणि माल भरलेला असताना नळी फुटली, तर गाडी तिथल्या तिथे बसते. पाटे जागेवर आणि पिशवी मदतीला, या जोडीत पिशवी गेली तरी पाटे भार धरून राहतात. कामाच्या गाडीला ही जोडीच शहाणपणाची.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग तर गाडीची ताकद वाढली. नेमकी इथेच माणसं फसतात.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दारापाशी एक स्टिकर असतो. माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर लिहिलेला असतो. तो आकडा एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसी या सगळ्यांचा तो हिशोब असतो. हवेच्या पिशव्या बनवणाऱ्या कंपन्याही स्वतःच सांगतात की आमच्या पिशवीने गाडी सपाट राहील, पण तिची वजनाची मर्यादा वाढत नाही. उलट बूड बसलेली गाडी बघून ड्रायव्हर निदान घाबरतो तरी. पिशवीने सपाट केलेली, जास्त भरलेली गाडी बघून तो निर्धास्त होतो.

एक हिशोब करून बघा. समजा स्टिकरवर ६८० किलो आहे. गाडीत तीन माणसं, २४० किलो. हत्यारांची पेटी ८० किलो. मागे २ टनांचा ट्रेलर. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार त्याच्या दांड्यातून पिकअपवर येतो, म्हणजे २०० ते ३०० किलो, आपण अडीचशे धरू. झाले ५७०. कॉम्प्रेसर, टाकी, पिशव्या, लोखंडी पट्ट्या यांचे ३० किलो धरा. हौद्यात टाकायला उरले ८० किलो. ही आहे अमेरिकन टफ पिकअप, आणि हे गाडी खाली बसवल्यामुळे झालेलं नाही. उंच गाडीतही हिशोब जवळपास हाच येतो, फक्त कुणी करत नाही.

टायरची भानगड वेगळीच. गाडी खाली बसवणारे बहुतेक जण सोबत मोठे रिम आणि चपटे टायर घालतात, कारण त्याशिवाय रील शोभत नाही. पण प्रत्येक टायर किती किलो पेलतो, तो आकडा टायरवर छापलेला असतो आणि चपट्या कार-टायरचा आकडा अनेकदा मूळ टायरपेक्षा कमी असतो. त्यातही अमेरिकन नियम असा की कारचा टायर पिकअपला लावला तर त्याची छापील क्षमता १.१ ने भागून धरायची. समजा छापील ९०० किलो, तर धरायचे साधारण ८१८. पाटे, ॲक्सल, चेसी सगळं दणकट, आणि माल अडतो तो टायरवर. लाखोंचं काम करून शेवटी गाडीची ताकद ठरवतो तो दिखाव्यासाठी घेतलेला टायर.

या सगळ्या खटाटोपाला कंटाळून काही अमेरिकन लोकांनी वेगळीच वाट धरलीये. ते जपानच्या जुन्या के-ट्रक आयात करतात. ६६० सीसी इंजिन, ३.४ मीटर लांबी, ३५० किलो माल, आणि हौदा जमिनीपासून सुमारे ६५ सेंटिमीटरवर. म्हणजे खाली बसवायची भानगडच नाही, ती जन्मतःच खाली. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडीच अशी सहज आणता येते. काही राज्यांनी तिच्या नोंदणीला हरकत घेतली होती, टेक्सासने २०२४ मध्ये मार्ग मोकळा केला. डिसेंबर २०२५ मध्ये तर ट्रम्प यांनी अशा चिमुकल्या गाड्या अमेरिकेतच बनवू देण्याची भाषा केली. टाटा मोटर्सने २००५ मध्ये 'एस', म्हणजे आपला छोटा हत्ती, आणला तो याच धाटणीचा. बुटका, स्वस्त, हौदा हाताशी.

आपल्याकडे मात्र उलटी गंगा

महाराष्ट्रात पिकअप खाली बसवणारा शोधून सापडेल. आपल्याकडे लोक ती वर उचलतात. कुठल्याही बाजार समितीच्या गेटवर पहाटे उभं राहा आणि आत शिरणाऱ्या पिकअपच्या मागच्या पाट्यांकडे बघा. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर आणखी दोन-तीन पाटे चढवलेले दिसतील. टोमॅटोचे क्रेट केबिनच्या वर गेलेले असतात आणि गाडी तरी सपाट. ज्या भ्रमात अमेरिकन माणूस हवेची पिशवी फुगवतो, त्याच भ्रमात आपला माणूस पाटे वाढवतो. गाडी बसली नाही म्हणजे वजन जास्त नाही. ब्रेक आणि टायर मात्र कंपनीचेच असतात, घाटात उतरताना त्यांना पाट्यांचा काही उपयोग नसतो. शिवाय जादा पाट्यांमुळे रिकामी गाडी इतकी कडक होते की मोकळ्या फेरीत मागचं चाक रस्त्यावर नीट टिकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे अमेरिकेसारखी राज्यागणिक मजा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ जे ठरवून दिलंय आणि जे नोंदणीत आहे, त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा रील बघून इथे चेसीला खाच मारायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढून टाका. आणि जास्त माल भरला तर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० वेगळे.

अमेरिकेत ज्यांना खरंच काम करायचंय, ते गाडी खाली बसवून झाली की पहिली फेरी ट्रक-टर्मिनलवरच्या वजनकाट्यावर मारतात. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. एकदा रिकामी गाडी, एकदा नेहमीचा माल भरून. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेत बसतो का, टायरवर छापलेल्या आकड्यांच्या बेरजेत बसतो का, आणि ट्रेलर अडकवल्यावर पुढच्या ॲक्सलचं वजन फार उतरलं तर नाही ना, हे तीन आकडे तिथे कळतात. आपल्याकडे साखर कारखान्याच्या आणि खडीच्या काट्यावर पूर्ण गाडीचं वजन होतं. पण फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पावती मागितली, तर मागच्या ॲक्सलवर किती भार आहे याचा बऱ्यापैकी अंदाज तिथेही मिळतो.